पेन्सिलीचा रकाना

विट्याहून रजिस्टर येतं ते छापूनच येतं.
रकाने आधीच आखलेले:
नाव, वय, कितवी खेप, वजन, रक्त,
पतीचे नाव, पतीची सही.

माझ्या हद्दीतल्या निम्म्या सह्या
मदुराईत राहतात, सेलमला, कटकला,
गलाईच्या भट्टीपुढं सोनं आटवत.
घरं इथं आहेत.
बायका इथं आहेत.
कळाही इथंच येतात.

स्वप्नाली मंडलेला आल्या त्या रात्री
रक्त सात पॉइंट आठ,
ॲम्ब्युलन्स दारात, इंजिन चालू,
आणि परवानगी तमिळनाडूत.
फोन लागेना.
सासरा म्हणाला, त्याला इचारल्याबिगर कसं न्यायचं, सिस्टर?
सासू काहीच बोलली नाही.
तिनं चुलीवरचं आधण उतरवलं
आणि चपला शोधायला लागली.

रुक्सानाताई, आमची आशा,
चौदा वर्षं वाड्यावस्त्या तुडवून टाचा भेगाळलेली,
खाली वाकली:
स्वप्नाली, तुला जायचंय का?

घरात एवढी माणसं.
हा प्रश्न त्या घरात कुणी ऐकला नव्हता,
तिनंसुद्धा.
ओठ चावत ती म्हणाली,
व्हय.

सासू तोवर गाडीत बसलीही होती.

मायलेकी वाचल्या. फोन सकाळी लागला.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेतली
आणि समासाला लागून
पेन्सिलीनं एक चिंचोळा रकाना आखला:
तिला विचारलं?

तेव्हापासून भरतेय.
लोहाच्या गोळ्या देताना, तांबी बसवताना,
शिबिरात नावं घेताना.
(पुरुष नसबंदीचा रकाना छापील आहे.
त्यात यंदाही भोपळा.)
कुठं हो, कुठं नाही,
कुठं नुसताच ठिपका:
सासूसमोर बोलता येईना, परत जायचं.

तपासणीला सांगलीहून साहेब आले.
बोट ठेवून म्हणाले, हे कुठल्या परिपत्रकात आहे?
कुठल्याच नाही, सर.
मग खोडा.
मी बराच वेळ खोडरबर शोधला,
ड्रॉवरमध्ये, लसींच्या डब्यामागं.
तो माझ्या मुठीतच होता.

काल पानं उलटताना सहज
माझंच नाव लिहून पाहिलं.
दोन मुलांनंतर माझं ऑपरेशन झालं,
मिरजेला, चैत्रात.
सही माझीच आहे कागदावर, वळणदार.

विचारलं होतं का कुणी?
पेन्सिल हातात धरून बसले.
बाहेर रुक्सानाताई हाका मारत होती,
वजनकाटा घ्या सिस्टर, उशीर होतोय.