मापाला अंगठा

बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो,
भिंग अर्धं बाहेर येतं, करकरतं,
आणि गोगलगायीगत परत आत.
पडदा काळा.

सेल नवे आहेत. राजारामपुरीतनं आणले.
दुकानातलं पोरगं म्हणालं,
"काका, पेन्सिल सेलवर अजून काय चालतंय तुमचं?"
भिंतीवरचं घड्याळ, म्हणालो. खोटं.

स्प्रिंगवर हिरवट गंज चढलेला.
कापसाला व्हिनेगर लावून पुसला,
मग नातीच्या खोडरबरानं
पत्रा चकाकेपर्यंत घासला.
झाकणाची कडी तुटलीय, तिला रबर गुंडाळलं.
आता दिवा जरा जास्त टिकतो
आणि तारीख विचारतो:
एक जानेवारी, दोन हजार पाच.
आतला बारका सेल मेला की
कॅमेरा दर वेळी तिथंच जागा होतो.
मी वर्ष बदलत नाही.

त्याच वर्षी उद्यमनगरात, फाउंड्रीच्या ऑफिसात
हा खोक्यासकट आला, माझ्या सहीनं.
मी क्वालिटीला. काम एकच,
फसलेल्या नगांचे फोटो:
ब्लोहोल, चीर, अर्धाच भरलेला साचा.
फोटो पुण्याला जायचा,
पैसे इथं कापले जायचे.
पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले,
हा भंगारात निघाला.
दीडशे रुपये देऊन मीच घरी आणला,
का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

करकर कशाची ते कळलं.
भिंगाची कड बारीक ब्रशनं झाडली
तर कागदावर काळी रेघ पडली.
साच्याची वाळू, कोळशाची भुकटी मिसळलेली.
चिमटीत धरली. अजून बोटाला चिकटते.

पुन्हा बटण. या खेपेला भिंग पुरतं आलं.
तीन सेकंद एक फोटो. अंधार.
बटण. पुढचा फोटो. अंधार.
पंपाचं झाकण, त्यात वाटाण्याएवढं भोक,
शेजारी अंगठा.
पुढच्यातही अंगठा.
त्याच्याही पुढच्यात.

शिवाप्पा हुक्केरी. मोल्डर.
पट्टी सापडायची नाही तेव्हा
मीच म्हणायचो, अंगठा धर रं बाजूला,
भोक केवढं हाय ते कळू दे पुण्याला.
तो धरायचा.
ज्याच्या हजेरीतनं कापणार
त्याचाच अंगठा मापाला.
नख काळं, पेरावर भाजल्याचा पांढरा डाग.
फोकस दर वेळी त्याच्यावर बसलाय,
नग मागं धुरकट.
तेव्हा दिसलं नव्हतं?
दिसलं असणार. मी चिठ्ठीवर
नगाचा क्रमांक लिहीत होतो.

एकदाच म्हणाला,
"सायेब, एक तोंडाचा पण काढा की."
सेल संपतील, म्हणालो.

आतनं ही विचारते, झाला का दुरुस्त?
चाळीस वर्षांची सवय, निकाल जिभेवर येतो,
पास की रिजेक्ट,
आणि तिथंच अडकतो, त्या भिंगागत.

सेल पुन्हा गार पडलेत.
काढून तळहातावर चोळतो,
खिडकीतल्या उन्हात जरा ठेवतो,
मग एखाददुसरा फोटो अजून देतात.
एकूण एक्याण्णव आहेत.
छत्तीस बघून झाले,
तोंड कुठं नाही.

बघतो पुढं.