हौसेचं माप

गाडी घेतली त्या दिवशी
ह्यांनी शोरूमच्या दारातच टायरपुढं नारळ फोडला,
पेढे वाटले, फोटो काढला,
आणि आम्ही घरी आलो रिक्षानं.
कारण मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला
कुणी विचारलंच नव्हतं.

तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस.
शाफ्ट, बुश, पिन,
नुसतं बोट फिरवून सांगणार : अर्धा सूत जास्त आहे, घे अजून.
गिऱ्हाईक व्हर्निअर लावायचं
आणि मान डोलवून पैसे मोजायचं.
त्या माणसानं गाडी घेताना
खिशातला टेप एकदा बाहेर काढला नाही.
मी टोकलं तर म्हणाले,
"माप धंद्याला. हौसेला कसलं माप?"

आता हौस पाचगावात असते,
दाजींच्या प्लॉटवर, कव्हर पांघरून,
डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी.
म्हैस परवडली म्हणते मी,
म्हैस आमच्या गल्लीत वळते तरी.

दर रविवारी आम्ही तिला भेटायला जातो.
दस्तगीर रिक्षावाला विचारतो, "आज कुठं, वहिनी?"
मी म्हणते, "गाडीत बसायला."
तो आता हसतसुद्धा नाही.

एकदा तिला घेऊन बिंदू चौकात गेलो.
पार्किंगातले पांढरे पट्टे
कुणी आखले असतील, फियाटच्या काळात.
पुढे घे, मागे घे,
पावतीवाला पोपट कुंभार गाडीभोवती फिरतोय
जत्रेतल्या हत्तीभोवती फिरावं तसा.
शेवटी एक चाक पट्ट्यावर, नाक रस्त्यात,
आणि ह्यांच्या बाजूचं दार उघडेना.
मग हे गिअरवरून एक पाय काढत,
पोट सावरत,
माझ्या सीटवरून सरकत माझ्या दारानं उतरले.
पोपटनं न विचारता दोन पावत्या फाडल्या.
ह्यांनी दोन्हीचे पैसे दिले, काही बोलले नाहीत.
दोन्ही पावत्या वरच्या खिशात ठेवल्या,
पेन्सिलीशेजारी.

त्याच रात्री मला जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं.
खाली गल्लीत हे,
तोंडात टॉर्च धरून टेप लावतायत.
गल्ली पाच फूट नऊ.
गाडी, कान मिटून, सहा फूट तीन.
आणि मधे ती पायरी, हाशमभाई अत्तारांची.

हाशमभाई उठलेच होते, म्हातारपणाची झोप.
दारातनं म्हणाले, "फोड की.
माझ्या गुडघ्यांना तशीबी नको झालीया ती."
हे टॉर्च पायरीवर धरून उभे राहिले.
काळा दगड, मधोमध जरा खोलगट,
चार पिढ्यांच्या बैठकीनं झिजलेला.
पहिला पगार ह्यांनी तिथंच बसून मोजला होता,
हाशमभाईंनी परत मोजला होता,
दहा रुपये कमी भरले म्हणून दोघं रात्रभर हुडकत होते.
टेप सर्रकन आत गेला.
"नको," म्हणाले, "पायरी बरोबर मापात आहे."

मला वाटलं आता विकतील.
विकली नाही.
कव्हर तेवढं नवं शिवून घेतलं, माप घेऊन.

गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू?
थंड हवा, मऊ सीट,
पण मधे एवढा मोठा कप्पा
की बोलायचं तर जरा ओरडावं लागतं.
स्कूटरवर मी ह्यांच्या पाठीत बोलायचे,
हे मानेनं उत्तर द्यायचे.

परवा पाचगावहून परत येताना
दस्तगीरनं रिक्षा सरळ गल्लीत घातली.
ह्यांचा खांदा माझ्या खांद्यात रुतलेला,
मांडीवर दाजींनी दिलेली गुळाची ढेप.
पायरीपाशी रिक्षा जरा मंदावली,
ह्यांनी बाहेर डोकं काढून एका नजरेत माप घेतलं,
दोन्हीकडे वीत, वीत.
"क्लिअरन्स एकदम फिट," म्हणाले,
आणि कित्येक महिन्यांनी
लेथवरचं काम जमल्यावर हसायचे तसे हसले.
दस्तगीरला दहा रुपये जास्त दिले.
त्यानं विचारलं, कशाचे?
हे म्हणाले, "पार्किंगचे."