चिंचोके

मी कॅचर. माझं काम पकडायचं, आणि मोजायचं.
पँटच्या डाव्या खिशात चिंचोके,
बोंद्रेनं चेंडू टाकला की एक उजव्या खिशात.
सक्सेना सर वहीत लिहायचे,
पण वहीला ऐकू येत नाही.

क्रिकेटच्या या इंदुरात बेसबॉल खेळणारे आम्ही अठरा,
त्यात फेकणारा म्हणावा असा हा एकच.
पहिले तीस चेंडू ग्लोव्हात यायचे ते
शेजारी कुणी रागानं दार आपटावं तसे.
चाळिसाव्याला दार नुसतं लोटलेलं.
पंचावन्नला पडदा.
कोपर खाली उतरायचं, पाय त्याआधीच थांबलेले,
आणि हा मुंडी हलवून सांगायचा,
अजून एक, भिया, अजून एक.

त्याचे काका, सियागंजात मिरचीचे दलाल,
कठड्यावर बसून म्हणायचे,
"ताकद देवानं खांद्यात घालून पाठवलेली असते.
पळून काय वाढणार, घाम?"
सर म्हणायचे, "चेंडू हातानं टाकतात
असं फक्त बघणाऱ्यांना वाटतं."
मला दोघांचंही पटायचं.
सतराव्या वर्षी सगळ्यांचंच पटतं.

दिवाळीनंतर सुरू झालं.
पहाटे साडेपाचला लालबागच्या फाटकापासून,
नाकाचा शेंडा आपला राहत नाही अशा थंडीत
तो पुढे, मी सायकलवर मागे,
घंटी वाजवत, कुत्री हाकत.
स्टेडियमच्या पायऱ्या एका पायानं.
मग दुसऱ्या.
घरी ज्वारीच्या डब्यात मनगटापर्यंत हात खुपसून
मूठ उघड, मूठ मिट, दोनशे वेळा.
आई म्हणाली, ज्वारीला याच्या घामाचा वास येतो,
आणि त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या.
आठवड्यातले दोन दिवस चेंडूला हात लावायचा नाही,
झोपायचं.
हे त्याला सगळ्यात जड गेलं.

पौषात काहीच बदललं नाही.
उलट पस्तिसाव्यालाच पडदा.
काका हसले नाहीत, ते जास्त लागलं.

संक्रांत उलटली. एका रविवारी
सत्तर चिंचोके उजव्या खिशात गेले
तेव्हा लक्षात आलं, मी दाराकडे कान द्यायचंच विसरलो होतो,
कारण ते आपटतच होतं.
एक्क्याऐंशी. ब्याऐंशी.
तर्जनीच्या मुळाशी निळी गाठ आली.
ती मी घरी सगळ्यांना दाखवली,
वरण वाढणाऱ्या आईलासुद्धा.

निवडीला भोपाळहून तिघे आले,
वेग मोजायचं यंत्र घेऊन.
प्रत्येकाला दहा चेंडू.
दहा! दहात कोण दमतं?
देवासच्या एका उंच पोराचा आकडा
बोंद्रेपेक्षा चारनं जास्त आला.
त्याचेही चेंडू मीच पकडले.
नवव्याला त्याची टाच मातीत रेघ ओढत होती.
मी ती रेघ पाहिली.
यादीत रेघा नसतात, नावं असतात,
आणि कॅचरला कुणी विचारत नाही.

काका म्हणाले, "बघ." एवढंच.
बोंद्रेनं छप्पनला दोन प्लेट पोहे घेतले,
जिरावण जास्त,
दोन्ही स्वतःच खाल्ल्या.

मग उपयोग काय झाला?
दम वाढला, हे माझा डावा हात शपथेवर सांगेल.
पुढचं काही वाढलं का,
ते हाताला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाली घंटी वाजली.
माझीच सायकल. कुलूप लावायचं राहिलं होतं.
तो सीटवर, मफलर कानांवरून घेतलेला.
"आज तू पळ," म्हणाला.
"साठीनंतर उठताना गुडघ्यावर हात टेकतोस.
मीही मोजत असतो."

मी पळालो.
फाटकापर्यंत खिशात चिंचोके वाजत होते,
कुठल्या, ते पाहिलं नाही.