एक शून्य जास्त

उल्जिरोच्या गल्लीत मला अजून मिस ओक म्हणतात.
अडुसष्ट सरली, दोन्ही गुडघे बदलून झाले,
तरी मिसच.
कॉफी पोचवणाऱ्या बाईला तेव्हा आडनाव पुरायचं,
हाक मारायला
आणि उधारी मांडायला.

एकतीस वर्षं. फडक्यात थर्मास, कप पालथे, वर घट्ट गाठ.
हे जिने मला पाढ्यांसारखे पाठ आहेत.
दोन चमचे कॉफी, दोन साखर, दोन दुधाची पूड,
सगळ्यांना तीच.
फक्त कागद कापणाऱ्या प्योला साखर तीन.
त्याचं बोट यंत्रात गेलं त्या दिवशी
माझाच हात हलला, एक चमचा जास्त पडला,
मग तो कमी करायचं दोघांनाही सुचलं नाही.

यंदा लेथवाला मा गेला. म्हणजे मेला नाही,
मुलीकडे गेला, बुचनला.
त्याच्या माळ्यावर कॅफे निघालं.
पाटी त्याचीच ठेवलीय, ‘देसंग लेथ वर्क्स’.
गंज खरवडला नाही पोरांनी,
उलट वरून पारदर्शक रंग फासला,
आहे तेवढा गंज टिकावा म्हणून.

फोन नाकाशी धरून मुलं-मुली गल्लीत गरगर फिरतात,
मला विचारतात, आजी, कॅफे कुठंय?
चाळीस वर्षं मिस,
आणि एका दुपारीत आजी!
मधलं काहीच नाही वाट्याला.

परवा इंचनहून एक माणूस मोडका दांडा घेऊन आला.
पाटी बघून तडक वर चढला.
थोड्या वेळाने उतरला तो
बगलेत दांडा,
हातात तिळाचा केक.
काय करणार, म्हणाला, बसा म्हणाले.

कॅफेची मुलगी दा-ओन. तिने मेनू छापायला दिला
तो प्योकडेच. दोनशे प्रती, जाड कागद,
कडा मुद्दाम ओबडधोबड.
आयुष्यभर सरळ कापलेल्या माणसाला
ओबडधोबड कापायला दोन दिवस लागले.
मग चष्मा कपाळावर सरकवून तो जिन्याखालून ओरडला,
पोरी, कॉफीपुढे एक शून्य जास्त पडलंय,
साडेनऊशेचं साडेनऊ हजार झालंय.
छापायच्या आत आलं लक्षात, बरं झालं.

वरून हसू आलं. मग आलंच नाही काही.
मग ती खाली आली, एप्रनला हात पुसत,
आणि हळूच म्हणाली, नाही, काका,
तेवढंच आहे ते.

समोरच्या टपरीत भाजलेला मासा, भात, सूप,
सगळं मिळून आठ हजार.
प्योने हिशेब मांडला नाही.
अस्सं, म्हणाला, आणि यंत्र चालू केलं.
त्याची खोली पुढच्या मार्चपर्यंतच आहे,
हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी गप्प राहिले.

उद्घाटनाला मला बोलावलं, खास खिडकीची जागा.
हातात एक चकती दिली, ती थरथरली की
आपणच उठून आपली कॉफी आणायची.
मी उठले. सवयीने
शेजारच्या टेबलाचीही आणली.

कॉफी चांगली होती. आंबटसर, काळी,
कुणीतरी फार मन लावून केलेली.
मी म्हटलं, एक बांधून दे, साखर तीन.
दा-ओन ओशाळली, साखर ठेवतच नाही आम्ही.
माझ्या पर्समध्ये पुड्या असतात.

उतरताना अठरा पायऱ्या.
एका हातात प्योचा कागदी कप,
दुसरा हात मोकळा.
या जिन्यावर मोकळा हात कधी नव्हताच मला,
तो कुठे ठेवावा कळेना.
शेवटी कठडा धरला.

इतका गार असतो होय हा.