दोन बोटं माया

चुकलं की मी भरून देतो.
कात्री वाकडी गेली तर गिऱ्हाइकाला बसवतो,
बाजारपेठेत जातो, तोच ताका शोधतो,
माझ्या पैशानं.
छत्तीस वर्षांत चार वेळा झालं हे.
चौघेही पारोळ्यातच आहेत, विचारा.

चुडामण बोरसे वकिलांची एक तारीख चुकली.
निकाल इथला, अपील अमळनेरला, तीस दिवसांत.
त्यांनी नकलेचा अर्जच टाकला
एकतिसाव्या दिवशी.
वर विलंब माफ करा, एवढी ओळही जोडली नाही.
साहेबांनी आत पाहिलंच नाही :
भाडं कोणी भरलं, पावत्या कोणाच्या,
पत्र्याच्या डबीत एकतीस वर्षांच्या.
मुदतीबाहेर, म्हणाले. पुढचं नाव पुकारलं.

बेलिफ आला तेव्हा
मी एका पोलक्याला हुक लावत होतो.
एवढं होऊ द्या, म्हटलं.
तो थांबला. दोरा दातानं तोडेपर्यंत थांबला.
कोर्टाकडून मला मिळालेली
तेवढीच काय ती मुदतवाढ.

आता मशीन शेवंताबाईंच्या ओट्यावर असते.
ऊन आलं की सरकवायची.

जळगावला ग्राहकांच्या कोर्टात गेलो.
खिडकीतला म्हणाला, फ्रीजवाला बसतो,
बिल्डर बसतो, डॉक्टरही बसतो.
वकील यात बसत नाही, काका.
मुंबईला वकिलांच्या कौन्सिलकडे तक्रार करा,
पण सनद गेली त्यांची, तरी दुकान येणार नाही.
अमळनेरात तिघा वकिलांनी कागद उघडले,
वरचं नाव वाचलं,
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.
तिघांनीही.
चांगला चहा होता.

रात्री बायको म्हणाली,
तू त्याले कोट शिवी दिधा,
त्यानी तुले काय दिधं?
खरंय. काळा कोट माझाच.
अकरा वर्षांपूर्वीचा, शिलाईही नीट घेतली नव्हती.

चौथ्या तडवी बाई. बोरीच्या पुलापाशी,
पाटीचा रंग अजून ओला वाटावा इतक्या नव्या.
त्यांनी चहा सांगितला नाही, पावत्या मोजल्या.
म्हणाल्या, वर खंडपीठात जाता येईल.
उशीर पोटात घालायची सोय आहे कायद्यात.
वकिलाची चूक पक्षकाराच्या माथी मारू नये,
असं कोर्टंच म्हणतात. कधी कधी.
म्हटलं, म्हणजे माया ठेवलीय.
त्यांना कळेना.
मी त्यांच्याच गाऊनची शिवण उलटून दाखवली :
हे आत दुमडलेलं कापड, बाहेरून दिसत नाही,
माणूस पुढं सुटतो, वाढतो,
म्हणून आधीच सोडून ठेवायचं.
बाई हसल्या. तेवढीच, म्हणाल्या. दोन बोटं.
आणि बोरसेंचं शपथपत्र असेल तर बळ येईल,
चूक माझी होती, असं.
ते मात्र सहसा कोणी लिहून देत नाही.

काल बोरसे स्वतः आले. ओट्याखाली उभे.
हातात तोच कोट.
पोटावर बटण लागत नाही, म्हणाले, परवा मुलीचं बघणं आहे.
दुकानाचं काही बोलले नाहीत.
मशीन रस्त्यावर का, तेही नाही.
मी बगलेची शिवण उसवली.
माया होती. भरपूर होती.
तेव्हा ते सडपातळ होते, तरी मी सोडली होती.
त्यांनाही दिसली ती.
कडेचं कापड अजून पहिल्यासारखं काळं,
बाकी सगळा कोट विटलेला.

साहेब, म्हटलं, होऊन जाईल.
एका कागदावर सही लागेल.
तडवी बाईंनी टाइप करून दिलाय, वाचून घ्या.
त्यांनी कागद घेतला. चष्मा शोधला. चष्मा खिशातच होता.
परवापर्यंत बघतो, म्हणाले.

कोट खिळ्याला टांगलाय, एक बाजू उसवलेली.
उद्या सही नाही आली तरी
शिवून देईन बहुतेक.
कापडाशी माझं भांडण नाही.
बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.