घेराखाली

प्रेक्षकांना पाऊल दिसता कामा नये,
एवढी एकच अट या नाचाला.
झगा जमिनीला टेकलेला, आणि त्याच्या आत
बाई चालत नाही, वाहते,
रिओनीच्या पाण्यावर पडलेलं पान जावं तशी.

मी घेर शिवते. एकतीस वर्षं, कुताइसीतल्या याच खोलीत.
म्हणून मला माहीत आहे घेराखाली काय असतं.
मारेखीचा डावा घोटा असतो,
पाच हिवाळ्यांत सहादा मुरगळलेला,
सुजून, उतरून, बरा झाला म्हणून विसरला गेलेला,
आणि सपाट फरशीवरसुद्धा, आडवं काही आलेलं नसताना,
आपला आपण बाहेर कलंडणारा.

आतल्या बाजूने सुरुवात करायची, टाचेखालून पट्टी घ्यायची,
बाहेरून वर ओढायची, नडगीपाशी थोपटून बसवायची.
मग आडवे दोन फेरे. मग टाचेला कुलूप.
कात्री तीच, झग्याची.
पट्टीला सुरकुती पडली तर संध्याकाळपर्यंत फोड येतो;
कापडाचंही तसंच, फक्त कापड ओरडत नाही.

मार्चमध्ये तिबिलिसीहून ग्वांत्सा आली,
फोमची उशी, स्टॉपवॉच आणि वही घेऊन.
"एका पायावर. डोळे मीट."
उघडा घोटा: नऊ सेकंद.
मी बांधलेला: सोळा.
मग तिनं स्वतः एक पट्टी लावली, नुसती, न ओढता,
भिंतीवर नोटीस चिकटवावी तशी,
मारेखीला काही न सांगता.
पंधरा.

ग्वांत्सानं घड्याळ झटकलं. पुन्हा.
पंधरा.
मला आधी हसू आलं, मग जरा लागलंच:
एकतीस वर्षांची माझी ओढ,
आणि फरक एका सेकंदाचा.

"मग हाड कोण धरतं?" मारेखीनं विचारलं,
डोळे अजून मिटलेलेच.
कदाचित कोणीच नाही, ग्वांत्सा म्हणाली.
कातडीला फक्त कळतं की इथे काहीतरी आहे.
पण एका पायावरून काही ठरत नाही,
असं म्हणून तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढलं,
बरंच मोठं.

मीही नाचायचे. बातुमीत एकदा पाऊल वाकडं पडलं,
खरंखुरं वाकडं, लोक समजतात तसलं नव्हे,
आणि मी मशीनपुढे येऊन बसले.
तेव्हा पट्ट्या नव्हत्या. आई कोबीची पानं बांधायची.

त्या रात्री सगळ्या गेल्यावर
मी दिवा मालवला, चपला काढल्या,
टांगलेल्या झग्यांच्या मधोमध
उजवा पाय उचलला.
तीन. चार. घोटा थरथरायला लागला, ओळखीचा थरथराट.
एका बाहीला बोट टेकवलं, नुसतं टेकवलं.
रिकामी बाही, हँगरला लटकलेली,
ती काय धरणार मला?
अकरा. बारा.

बावीसला खालून पहारेकऱ्यानं हाक मारली,
वर कोण आहे?
मी उत्तर दिलं नाही. मोजत होते.