पोपडे

दांडिया बाजारात मला खानविलकरभाई म्हणतात.
गळती काढायचं काम. पंचवीस वर्षं.
गच्च्या, न्हाणीघरं, फतेगंजातल्या बंगल्यांचे छज्जे,
हाउसिंग बोर्डाचे कुणी न विचारलेले ब्लॉक.
गिऱ्हाईक भिंत दाखवतं. म्हणतं, पोपडे निघालेत,
खरवडा, पुट्टी मारा, दिवाळीआधी रंग द्या.
मी म्हणतो, देतो रंग,
पण आधी सांगा, या भिंतीच्या पोटातून पाइप कुठून जातो?

हे मी म्हणतो.
मे महिन्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला मी.

कोपरांवर, नडग्यांवर, कानामागे
चंदेरी खपल्या. काळी पँट मी शिवतच नाही.
सुलभा पहाटे चादर गच्चीत झटकते,
शेजारचे उठायच्या आत,
आणि खाली येऊन चहा टाकते.
डांबरी मलमाचा वास आमच्या लग्नाइतका जुना.
विश्वामित्रीला पूर आला, मगर रस्त्यावर आली,
तेव्हा नातू म्हणाला, आजोबांसारखी!
सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

सयाजी हॉस्पिटलात नव्या डॉक्टरीणबाई, अमीन.
खपल्या पाहिल्या, नखं पाहिली, आणि विचारलं,
जिना चढताना धाप लागते? छातीत जड?
म्हटलं, बेन, मी चामडीच्या लाइनीत उभा होतो.
लाइन बरोबर आहे, त्या म्हणाल्या.
ही सूज कातडीपुरती थांबत नाही, काका.
तीच रक्तातून फिरते,
नळ्यांच्या आतल्या अस्तराला लागू शकते.
प्रत्येकाला लागतेच असं नाही. पण बघायला हवं.
प्रेशर, साखर, चरबी.
खिशातली ती पुडी इथेच ठेवून जा.

आणि मग, लिहिता लिहिता,
वडील कशानं गेले?

प्रतापनगरच्या यार्डातून आले.
एक चप्पल काढली. दुसरी पायातच.
बावन्न वर्षांचे. आज मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा.
लोक म्हणाले, अचानक.
मीही तेच सांगत आलो, जो विचारेल त्याला.

त्यांना हे होतं का?

मला त्यांचे हात आठवेनात.
बाह्या आठवल्या. पूर्ण बाह्यांचे तीन सदरे, तारेवर.
आणि आई,
अंधारात चादर झटकणारी.

माझ्या धंद्यात अचानक हा शब्द चालत नाही.
छज्जा पडतो, लोक म्हणतात, कालपर्यंत तर बरा होता.
मी मलबा उचलून बघतो:
सळई गंजून काडीएवढी,
आणि वर तीन दिवाळ्यांचा रंग.
आईचा काय दोष.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं पाइप कुठून जातो.

बाही वर घ्या, नर्स म्हणाली.
अजून वर.
बटण निघेना, तिनंच काढलं.
पट्टा गुंडाळला खपल्यांसकट,
फुगा दाबत राहिली, नजर काट्यावर.
दंड आवळला तसे ठोके कोपरात यायला लागले,
जिथं मी रात्र रात्र खरवडतो
बरोबर तिथं.
आकडा तिनं कागदावर लिहिला. मी उलटा वाचायचा प्रयत्न केला.

बाहेर सेव-उसळीच्या गाडीला पाठ करून
पुण्याला फोन लावला, चेहरा दिसतो तो.
रणजित ऑफिसात होता, पूर्ण बाह्यांत.
काय झालं बाबा, असं अचानक?

अचानक काही नाही, म्हटलं.
जरा कोपर दाखव.